कोकणच्या दमट हवेत सिगार सांभाळायच्या कशा: रिकाम्या डब्यापासून पहिल्या झुरक्यापर्यंत

श्रावण संपत आला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोटो येतोच. लाकडी पेटी उघडलेली, आत सिगारवर हिरवट-पांढरी लव, आणि खाली प्रश्न, "पुसून चालेल का?" पेटी चांगली असते, सिगार महागाच्या असतात आणि सगळ्या सूचना तंतोतंत पाळलेल्या असतात. घोळ त्या सूचनांतच असतो. सिगार सुकून तडकते अशा थंड, कोरड्या मुलखातल्या लोकांसाठी त्या लिहिलेल्या आहेत. रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांखाली सहसा येत नाही. इथे सिगार ओलीने जाते. मीही पहिल्या वर्षी ऐन जूनमध्ये पेटीच्या आतल्या लाकडावर डिस्टिल्ड वॉटरचा बोळा फिरवला, स्पंज भिजवून ठेवला आणि गोकुळाष्टमीच्या आधी वीस सिगार फेकून दिल्या.

म्हणून खालचा क्रम मोडू नका. आधी मापक, मग डबा, मग आर्द्रता आणि त्यानंतर सिगार. बहुतेक जण सिगार आधी घेतात आणि ठेवायची कुठे हे नंतर ठरवतात.

सुरुवातीलाच दोन गोष्टी

सिगार सिगारेटपेक्षा बरी हा समज खोटा आहे. एका मोठ्या सिगारीत सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते. धूर छातीत घेतला नाही तरी तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका राहतोच. मी महिन्याला एक ओढतो आणि बाकी वेळ संग्रह सांभाळण्यात घालवतो. जो ओढत नाही त्याने या लेखामुळे सुरुवात करू नये, असं मनापासून सांगतो.

दुसरी गोष्ट कायद्याची. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला देशभर बंदी आहे आणि १८ वर्षांखालच्या कुणालाही तंबाखू विकता येत नाही. घरातही लहान मूल, गरोदर बाई किंवा दम्याचा माणूस असेल तिथे पेटवू नका.

## टप्पा १: हायग्रोमीटर मिठावर तपासा

डब्यातली आर्द्रता दाखवणारं हे छोटं यंत्र. डिजिटलच घ्या, कारण पेट्यांच्या झाकणावर मिळणारं काट्याचं पितळी यंत्र बहुतेक वेळा शोभेचंच असतं. डिजिटल यंत्रही चार-पाच टक्के चुकू शकतं. आपल्याकडे ६५ आणि ७२ यांच्यात सिगार टिकण्या-न टिकण्याचा फरक पडतो, तेव्हा ही चूक आधीच मोजून ठेवावी लागते.

बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या. त्यात थेंब थेंब पाणी घालून ते ओल्या वाळूसारखं करा. मीठ विरघळता कामा नये. वर पाणी तरंगलं तर थोडं मीठ वाढवा. झाकण आणि हायग्रोमीटर एका घट्ट बंद होणाऱ्या झिप पिशवीत शेजारी शेजारी ठेवा. मीठ यंत्राला लागू देऊ नका. पिशवी २४ तास एका जागी राहू द्या आणि आकडा पिशवी न उघडता बाहेरूनच वाचा. तो ७५ यायला हवा, कारण मिठाच्या संपृक्त द्रावणावरची हवा साधारण ७५ टक्क्यांवर स्थिर होते. ७१ दिसले तर तुमचं यंत्र ४ ने कमी दाखवतं. तो फरक चिठ्ठीवर लिहून यंत्राच्या पाठीवर चिकटवा.

सावधान: मिठागरातलं जाडं मीठ इथे वापरू नका. त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते स्वतः हवेतली ओल ओढतात आणि आकडा चुकवतात. पाकिटातलं साधं बारीक मीठ घ्या.

## टप्पा २: डबा निवडा

माझं मत स्पष्ट आहे: किनाऱ्यावर राहणाऱ्याने पहिली दोन वर्षं लाकडी ह्युमिडॉर, म्हणजे सिगार ठेवायची खास पेटी, घेऊ नये. पावसाळ्यात घराची दारं फुगतात हे आपण दर वर्षी बघतो. पेटीचं झाकणही तसंच फुगतं, एका कोपऱ्यात अडतं आणि दुसऱ्या कोपऱ्यात फट सोडतं. त्या फटीतून बाहेरची ९० टक्क्यांची हवा रात्रंदिवस आत येत राहते. शिवाय खाऱ्या हवेने बिजागऱ्या गंजतात. हजारोंची पेटी, पण काम साध्या डब्याएवढंही करत नाही.

खाद्यपदार्थांसाठीचा, चारही बाजूंनी कड्या आणि झाकणाला रबरी कड असलेला पाच-सहा लिटरचा प्लॅस्टिकचा डबा घ्या. पापड-कुरडया पावसाळ्यात कुरकुरीत राहाव्यात म्हणून आपण जो डबा निवडतो, तोच इथे चालतो.

डबा सौम्य साबणाने धुवा आणि दोन दिवस उघडा करून उन्हात ठेवा. त्यानंतर वाटीभर खाण्याचा सोडा आत ठेवून रात्रभर बंद करा. सकाळी नाक आत घालून वास घ्या. प्लॅस्टिकचा वास येत असेल तर पुन्हा तेच करा.

तपासणी: आत वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा ठेवा, कड्या लावा आणि डबा दहा मिनिटं बादलीतल्या पाण्यात दाबून धरा. कागद कोरडा निघाला तर डबा पास. एक कोपरा जरी ओला झाला तरी दुसरा डबा बघा.

आता लाकडाचं. सिगारच्या पेट्यांत वापरतात ते 'स्पॅनिश सीडर' नावाचं लाकूड खरं तर सीडर नाहीच. ते कडुनिंबाच्या कुळातलं झाड आहे, आपल्याकडच्या तूनचं जवळचं नातलग. सुताराकडे 'सीडर' मागितलंत तर तो देवदार देईल. देवदार तेलकट, राळेचा आणि उग्र वासाचा. महिन्याभरात सगळ्या सिगारला त्याचा वास लागतो. सिगारच्या जुन्या पेट्यांतल्या पातळ फळ्या मिळाल्या तर त्या डब्यात ठेवा. नाही मिळाल्या तर लाकूड न घालताही डबा उत्तम चालतो.

## टप्पा ३: आर्द्रता आधी बसवा

स्पंज नको, डिस्टिल्ड वॉटर नको, ओलं फडकं तर नकोच. दोन्ही बाजूंनी काम करणाऱ्या पुड्या घ्या. त्या गरजेप्रमाणे ओल देतातही आणि शोषतातही. बोव्हेडा कंपनीच्या पुड्या सहज मिळतात. त्यांवर ६२, ६५, ६९, ७२ असे आकडे छापलेले असतात. परदेशी सूचना ६९ किंवा ७२ सांगतात. आपण ६२ किंवा ६५ घ्यायची. आपल्या घरात उन्हाळ्यात रात्रीसुद्धा २७-२८ अंश असतात, आणि अशा उबेत आर्द्रता सत्तरीच्या पुढे गेली की बुरशीला फार दिवस लागत नाहीत. ६५ वर सिगार थोडी कोरडीकडे झुकते, पण सरळ आणि सारखी जळते.

साठ ग्रॅमची एक पुडी २५ सिगारला पुरते असा कंपनीचा हिशेब आहे. कोकणात त्याच्या दुप्पट ठेवा, कारण पावसाळ्यात डबा उघडला की दर वेळी बाहेरची ओल आत शिरते आणि ती पुडीला गिळावी लागते.

८४ आकड्याची पुडी दुकानदार 'पेटी तयार करायला' म्हणून देतो. ती कोरड्या लाकडासाठी असते. प्लॅस्टिकच्या डब्यात तिचं काहीच काम नाही.

तपासणी: रिकाम्या डब्यात पुड्या आणि हायग्रोमीटर ठेवून तीन दिवस बंद करा. आकडा, तुमच्या यंत्राची चूक धरून, पुडीच्या आकड्याच्या दोन टक्के इकडे-तिकडे स्थिर झाला तरच पुढे जा.

## टप्पा ४: खरेदी

पहिल्या खेपेला २५ ची पेटी घेऊ नका. तीन किंवा पाचाची दोन-तीन वेगवेगळी पाकिटं घ्या. रोबुस्टो हा आकार सुरुवातीला बरा: साधारण पाच इंच लांब आणि ५० रिंग गेजचा. रिंग गेज म्हणजे इंचाचे ६४ भाग, त्यामुळे ५० म्हणजे पाऊण इंचाहून थोडी जाड.

दुकानात सिगार बोटांत धरून हलकेच दाबा. ती किंचित दबून परत यायला हवी. कुरकुरली तर सुकलेली, दबलेलीच राहिली तर ओली. बाहेरचं पान, म्हणजे रॅपर, तडकलेलं नसावं. पायाशी, म्हणजे पेटवायच्या टोकाशी, पांढुरकी लव नसावी. अंगावर टाचणीने टोचल्यासारखं भोक दिसलं तर पाकीट परत ठेवा आणि त्या दुकानातून त्या दिवशी काहीच घेऊ नका.

भारतात कायदेशीररीत्या विकल्या जाणाऱ्या पाकिटावर आरोग्याच्या इशाऱ्याचं चित्र असतंच. ते नसेल तर माल चोरवाटेने आलेला आहे आणि वाटेत तो कुठल्या टपावर किती दिवस तापला हे कुणालाच माहीत नसतं. किनाऱ्यावर फिरून 'क्युबन' विकणाऱ्यांकडून घेऊ नका. काचेच्या झाकणाची 'क्युबन' पेटी दिसली तर ती बनावट समजा. खऱ्या क्युबन पेटीवर हिरवट-पांढरं वॉरंटी सील असतं, त्यावरचा बारकोड हबानोस कंपनीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. पेटीच्या बुडाशी कारखान्याची खूण आणि महिना-वर्ष उमटवलेलं असतं. महिना स्पॅनिशमध्ये असतो, जानेवारीला 'एने', ऑगस्टला 'आगो'.

आखातातून येणाऱ्या भावाकडून किंवा मेहुण्याकडून मागवणार असाल तर शुल्काशिवाय आणायची मर्यादा लक्षात ठेवा. २०१६ च्या बॅगेज नियमांत ती माणशी २५ सिगार अशी होती. तो निघण्यापूर्वी सीमाशुल्क विभागाचा ताजा नियम बघा.

## टप्पा ५: घरी आणल्यावर थेट डब्यात नको

सगळ्यात जास्त लोक इथे घाई करतात. तंबाखूचा किडा दोन-तीन मिलिमीटरचा, तांबूस तपकिरी असतो. त्याची अंडी पानातच असू शकतात आणि ती डोळ्यांना दिसत नाहीत. थंड देशात ती तशीच पडून राहतात. पंचविशीच्या पुढच्या तापमानात उबतात, आणि कोकणात वर्षाचे बहुतेक दिवस तेच तापमान असतं. अळी आतून पोखरत जाते आणि एका सिगारीतून दुसरीत शिरते. हाच किडा हळद, सुंठ, धणे आणि मिरचीलाही लागतो, म्हणून सिगारचा डबा मालवणी मसाल्याच्या बरण्यांच्या फळीवर कधीच ठेवायचा नाही.

उपाय थंडीचा आहे, पण त्यालाही क्रम आहे.

१. सिगार वेष्टनासकट एका झिप पिशवीत घाला, हवा काढा, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घाला. आर्द्रतेची पुडी सोबत ठेवू नका. फ्रीझरमध्ये सुरमई-बांगडा असेल तर दोन्ही पिशव्या आणखी एका घट्ट डब्यात घाला, कारण तंबाखू वास फार पटकन धरते.

२. एक दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. एकदम गोठवलं तर रॅपर तडकतं.

३. सहा-सात दिवस फ्रीझरमध्ये, उणे १८ किंवा त्याखाली. मधे लाईट चार-सहा तास गेली तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजा. पावसाळ्यात असं हमखास होतं, त्यामुळे खरेदी मार्च-एप्रिलपर्यंत उरकलेली बरी.

४. परत एक दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात.

५. पिशवी न उघडता एक दिवस खोलीत ठेवा.

पाचवी पायरी वगळून लोक सिगार घालवतात. थंड बाटली टेबलावर ठेवली की तिला घाम सुटतो ना, तसाच तो गार सिगारला सुटतो. रॅपर भिजतं, फुगतं आणि शिवणीवर उकलतं. पिशवी बंद असेल तर ते पाणी पिशवीच्या बाहेरच्या अंगाला जमतं. ते पुसा, पिशवी खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मगच उघडा.

त्यानंतर सिगार डब्यात ठेवा आणि किमान दोन आठवडे विसरून जा. प्रवास आणि थंडी सोसलेली सिगार लगेच ओढली तर ती कडवट लागते.

## टप्पा ६: मांडणी आणि वही

डबा तीन-चतुर्थांशच भरा. हवा फिरायला जागा हवी. हायग्रोमीटर पुडीला चिकटवून ठेवू नका, नाहीतर तो डब्याऐवजी पुडीचीच आर्द्रता दाखवेल. सुगंधी, फ्लेव्हरवाल्या सिगार वेगळ्या डब्यात ठेवा.

जागा माजघरातली, आतल्या भिंतीला लागून. माळा नको, कौलांखाली आणि स्लॅबखाली तो भट्टीसारखा तापतो. पश्चिमेची भिंत नको. जमिनीवर नको. नदीकाठी किंवा खाडीकाठी राहणाऱ्यांनी तर चिपळूणचा २२ जुलै २०२१ चा पूर आठवून फळीची उंची ठरवावी. ज्या कपाटात डांबराच्या गोळ्या, कापूर किंवा सुकट असेल ते कपाट बाद.

एक वही ठेवा. खरेदीची तारीख, दुकान, किंमत, फ्रीझरमधून काढल्याची तारीख, दर पंधरवड्याचा आकडा आणि ओढल्यावर दोन ओळी. संग्रह खरा या वहीत राहतो. कोणती सिगार सहा महिन्यांनी सुधारली आणि कोणती होती तशीच राहिली, हे दुसऱ्या कुणी सांगून कळत नाही.

## टप्पा ७: पावसाळ्याचे चार महिने

आगोटीची बेगमी करतो तेव्हाच सिगारचा डबाही आवरायचा. मृग लागण्याआधी, मे महिन्याच्या शेवटी, एका कोरड्या दुपारी डबा पूर्ण रिकामा करा. प्रत्येक सिगार उजेडात फिरवून बघा. रबरी कड कोरड्या फडक्याने पुसा, कारण तिच्यात अडकलेला एक केसही ओल आत आणतो. पुड्या सगळ्या नव्या घाला. मिठाची चाचणी पुन्हा करा.

जूनपासून डबा पंधरा दिवसांतून एकदाच उघडा. सर पडत असताना उघडू नका. घरात एसी असेल तर खोली बंद करून अर्धा तास एसी चालवा आणि तिथेच उघडा; ती हवा बाहेरच्यापेक्षा खूपच कोरडी असते. एसी नसेल तर उघडीप असलेल्या दुपारची वाट बघा. काय काढायचं ते आधी ठरवा, काढा, बंद करा.

पुडी हाताने चाचपा. पुडी नेहमी सुकली की कडक होते आणि तेव्हा बदलायची, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पावसाळ्यात आपल्याकडे उलटं होतं. ती पाणी पिऊन टम्म फुगते आणि आतला द्रव पातळ होतो. अशी पुडी आणखी ओल घेऊ शकत नाही. ती काढा आणि नवी घाला.

आकडा ७० च्या वर गेला तर घाबरून सिलिका जेल टाकू नका. ते हवा फार झपाट्याने सुकवतं, रॅपर आक्रसतं आणि आतला भाग ओलाच राहिल्यामुळे पान फाटतं. ६२ च्या दोन नव्या पुड्या घाला आणि आठवडाभर डबा बंद ठेवा. सिलिका जेलची जागा सिगारचं टोक कापायच्या कटरच्या पिशवीत आहे, तिथे ते खाऱ्या हवेपासून पाती वाचवतं.

आणि कृपा करून सिगारला ऊन दाखवू नका. गोधड्या, पापड, आंबोशी यांना ऊन दाखवायची आपली सवय चांगली आहे, पण सिगारमधली तेलं उन्हात उडून जातात आणि रॅपर एका तासात तडकतं.

बुरशी दिसली तर: जुनी जाणती मंडळी पांढऱ्या भुकटीला 'प्लूम' म्हणतात आणि ती चांगल्या सिगारची खूण समजतात. कोकणात या भरवशावर राहू नका. दिसली ती बुरशीच धरा. लव फक्त अंगावर, एखाद-दुसऱ्या ठिपक्याएवढी असेल तर ती सिगार वेगळ्या पिशवीत काढून ठेवा आणि पंधरा दिवसांत पसरते का बघा. हिरवट-निळसर असेल किंवा पायाशी आत शिरली असेल तर फेका, मग ती कितीही महाग असो. बुरशीचा धूर ओढायचा नसतो. नंतर डबा धुवून, ऊन देऊन टप्पा ३ पासून सुरुवात करा.

नोव्हेंबरनंतर पहाटे मतलई वारा सुटतो, हवा कोरडी होते आणि पुड्या उलट्या दिशेने काम करू लागतात. तेव्हा महिन्यातून एकदा बघितलं तरी पुरे.

## टप्पा ८: ओढण्याची वेळ

रिकाम्या पोटी ओढू नका. निकोटिनने चक्कर येते, घाम फुटतो, मळमळतं. तसं झालं तर सिगार ठेवून द्या, आडवे व्हा, गुळाचा खडा आणि पाणी घ्या.

खाऱ्या वाऱ्यात सिगार एका अंगाने जळत जाते, म्हणून समुद्राकडे तोंड करून बसायचा मोह टाळा. आडोशाची पडवी बरी, आणि वेळ जेवणानंतरची, वारा पडल्यावरची. वेळास-आंजर्ल्याच्या बाजूच्या किनाऱ्यांवर तर रात्री नकोच, तिथे कासवं अंडी घालायला येतात आणि वाळूत टाकलेलं थोटूक तिथेच राहतं.

डोक्याकडच्या, म्हणजे तोंडात धरायच्या टोकावर पानाची छोटी टोपी चिकटवलेली असते. तिच्या कडेच्या वर, जेमतेम दोन मिलिमीटर कापा. एका दमात, धारदार कटरने. टोपीच्या खाली कापलंत तर रॅपर सुटत जातं.

पेटवायला ब्युटेनचा लायटर किंवा लांब काडी. पेट्रोलचा लायटर, मेणबत्ती आणि समई यांचा वास पहिल्याच झुरक्यात उतरतो. ज्योत पायाला न टेकवता, खाली धरून पाय फिरवत शेका. कड सगळीकडून काळी झाली की मग तोंडात धरून फिरवत ओढा. पायावर फुंकर घाला. निखारा गोल आणि सारखा दिसला पाहिजे. एक बाजू काळी राहिली तर तेवढ्याच बाजूला ज्योत द्या.

मिनिटाला साधारण एक झुरका, धूर तोंडातच. घाईने ओढली की सिगार तापते आणि कडू होते. पावसाळ्यात ओढायची असेल तर आकार छोटा घ्या, कारण ओल्या हवेत तासभर धरलेली सिगार मऊ पडून विझू लागते. राख दोन-अडीच सेंटीमीटर झाली की राखदाणीच्या कडेला टेकवा, ती आपोआप गळते. कागदी पट्टी सुरुवातीलाच सोलू नका. थोडी ऊब लागून डिंक सैल झाला की ती रॅपर न फाडता निघते.

शेवटच्या तिसऱ्या भागात धूर गरम आणि तिखट होतो. तिथे थांबा. सिगारेटसारखी चिरडू नका, राखदाणीत आडवी ठेवा, दहा मिनिटांत विझते. विझल्यावर थोटूक पाण्यात बुडवून कचऱ्यात टाका, आणि वहीत दोन ओळी लिहून मगच झोपायला जा.